परसबागेतील एक दिवस

'परसबाग' हा शब्द तुम्ही नक्कीच ऐकला असेल. घराच्या मागच्या मोकळ्या जागेला मराठीत 'परस' किंवा 'परसदार' म्हणतात. 'बाग' हा शब्द तर तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. तो मूळचा फारसी. तो उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. हे दोन शब्द शेजारी येऊन बसले आणि घरामागच्या भाजीपाल्याच्या बागेला 'परसबाग' हे नाव मिळाले.

शेतीच्या मराठीत तुमच्या ओळखीचे शब्द पुष्कळ भेटतात. पिकाच्या काळाला 'हंगाम' म्हणतात. हा शब्द फारसी आहे. जमीन खणून, भुसभुशीत करून पेरणीसाठी तयार करणे म्हणजे 'मशागत'. या शब्दात तुम्हाला 'मशक्कत' ऐकू येईल. हिवाळ्यात वाढून वसंतात काढणीला येणाऱ्या पिकाला 'रब्बी' म्हणतात. अरबी भाषेत 'रबी' म्हणजे वसंत. रबीउल अव्वल या महिन्याच्या नावातही तोच शब्द आहे. उर्दूत 'बहार' म्हणजे वसंत ऋतू. पण आपल्या विदर्भातला संत्र्याचा शेतकरी 'बहार' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे झाडाचा फुलोरा असतो. उर्दूत बहार 'येते', तर संत्र्याचा बहार 'येतो', एवढाच काय तो फरक!

या पाठात आपण वसंतातील एका शांत दिवसाची परसबाग पाहणार आहोत. वरवर पाहता अशा दिवशी बागेत फारसे काही घडत नाही. परंतु उन्हाळ्यात कोणते झाड जगेल आणि कोणते वाळेल, हे पुष्कळसे याच दिवसांत ठरते. ते कसे, हे समजून घेऊ.

लहान जागा, मोठी परंपरा

बुटीबोरी हे गाव नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर, वर्ध्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे. कारखान्यांत काम करण्यासाठी अनेक कुटुंबे येथे येऊन राहिली. घरे लहान आणि अंगणे त्याहून लहान. तरीही कोणाच्या घरामागे चार वाफे दिसतात, तर कोणाच्या गच्चीवर जुन्या डब्यांत मिरची आणि पुदिना डोलत असतो.

कारखान्यांच्या गावात भाजीची बाग करणे ही केवळ आपलीच आवड नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरे कारखान्यांनी भरून गेली. कामगारांच्या मुलांना मोकळी हवा मिळेना. जर्मनीतील लाइपझिग शहरात मोरिट्झ श्रेबर नावाचे डॉक्टर होते. मुलांनी मोकळ्या हवेत खेळले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. १८६१ मध्ये ते वारले. त्यानंतर काही वर्षांनी एका मुख्याध्यापकाच्या पुढाकाराने तेथे मुलांसाठी मैदान झाले आणि त्याला श्रेबर यांचे नाव देण्यात आले. पुढे एका शिक्षकाने त्या मैदानाच्या कडेने मुलांसाठी लहान लहान वाफे केले. गंमत अशी, की मुले थोड्याच दिवसांत कंटाळली आणि गवत माजू लागले. मग आईवडिलांनीच ते वाफे हाती घेतले! आजही जर्मनीत अशा भाड्याच्या लहान बागांना 'श्रेबर बाग' म्हणतात. इंग्लंडमध्येही लोकांना अशी जागा मिळावी म्हणून १९०८ मध्ये कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात तेथील नागरिकांनी अशा बागांत भाजी पिकवून देशाची टंचाई कमी केली.

आपल्याकडे अशी भाड्याची बाग क्वचितच दिसते. आपल्याकडे परस आहे आणि परसाची परंपराही लहान नाही. नागपूरचे संत्रे जगभर प्रसिद्ध आहे. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अठराव्या शतकात नागपूरच्या रघुजी भोसले यांनी त्या वेळच्या औरंगाबादहून संत्र्याची झाडे आणविली आणि ती प्रथम परसबागेतच लावली, असे सांगितले जाते. पुढे काटोल, नरखेड, वरुड या भागांत संत्र्याच्या मोठमोठ्या बागा उभ्या राहिल्या. परसातले झाड असे शेतात गेले.

सकाळ : मातीची नाडी

मार्च महिन्यातील सुट्टीचा एक दिवस घेऊ. रस्त्याच्या कडेला पळस फुलला आहे. कडुनिंबाची जुनी पाने गळून नवी तांबूस पालवी फुटली आहे. सकाळी हवेत अजून गारवा आहे. पण नऊ वाजले की ऊन टोचू लागते.

आमच्या घरामागे सहा वाफे आहेत. प्रत्येक वाफा १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब आहे. वाफा यापेक्षा रुंद करू नये. रुंदी एवढीच ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधल्या रोपापर्यंत हात पोहोचतो आणि माती पायाखाली तुडवली जात नाही.

सकाळचे पहिले काम पाणी घालणे नव्हे, तर पाहणे हे आहे. बोटाची दोन पेरे मातीत घालावीत. आत ओलावा लागला, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. वरची माती कोरडी दिसते म्हणून रोज थोडे थोडे पाणी शिंपडले, तर ओलावा वरच्या वरच राहतो. मग मुळेही वरच राहतात आणि उन्हाळ्यात तीच आधी करपतात. त्याऐवजी दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी द्यावे. ते खोल जाते आणि त्याच्या मागे मुळेही खोल जातात.

आपल्या भागातील माती काळी आहे. बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकाची झीज होऊन ती तयार झाली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. म्हणून ती पाणी धरून ठेवते आणि ओली झाली की फुगते. वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. या भेगांतून आतला ओलावा निघून जातो. देशातील मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. पण काळ्या मातीचा हा स्वभाव शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आमच्या शेजारचे काकाजी पूर्वी कापसाची शेती करीत. त्या सकाळी कुंपणापलीकडून वाकून पाहत ते म्हणाले, "सर, पाण्याची बादली ठेवा बाजूला आणि आधी खुरपं घ्या. जमीन फाटली, म्हणजे पाणी पळालं समजा."

काकाजींचे म्हणणे खरे होते. वरची दोन बोटे माती खुरप्याने मोकळी केली, की भेगा बुजतात. खालचा ओलावा वर येण्याची वाट तुटते. तणही निघते आणि झाडाच्या वाट्याचे पाणी झाडालाच मिळते. म्हणूनच शेतकरी म्हणतात, 'एक कोळपणी, अर्धे पाणी'. कोळपणी म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधली माती मोकळी करणे. शेतात ती बैलाच्या कोळप्याने करतात. परसबागेत आपले खुरपे पुरते.

दुपार : पाण्याचा हिशेब

दुपारी बागेत काम करू नये. या वेळी सावलीत बसून हिशेब करावा. परसबागेचा हिशेब पैशांचा नसतो, पाण्याचा असतो.

आमचा वाफा २ चौरस मीटरचा आहे. त्यावर १० लिटरची एक बादली सारखी पसरली, तर पाण्याचा थर ५ मिलिमीटर होतो. मार्च महिन्यात वाढत्या भाजीला दिवसाला साधारण एवढेच पाणी लागते. म्हणजे एका वाफ्याला दिवसाला एक बादली. रोज एक न देता दोन दिवसांनी दोन दिल्या, तरी हिशेब तोच.

हे पाणी आणायचे कोठून? नळाचे पाणी आधी पिण्याला आणि स्वयंपाकाला. बागेला घरात एकदा वापरलेले पाणी द्यावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी उत्तम. वुजूच्या पाण्यात साबण नसतो, म्हणून तेही झाडांना चालते. त्यासाठी मोरीजवळ एक टोपले किंवा बादली ठेवली, की झाले. भांडी साध्या पाण्याने विसळली, तर ते पाणीही द्यावे. कपड्यांचे साबणाचे पाणी मात्र भाजीला देऊ नये. अशा रीतीने आमच्याकडे रोज सुमारे पाच बादल्या पाणी जमते.

मार्चमध्ये सहा वाफ्यांना सहा बादल्या हव्यात. असतात पाच. थोडी काटकसर केली, की भागते. पण नागपूरकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पारा ४५ अंशांच्याही वर जातो. त्या उन्हात एका वाफ्याला दीड बादलीही कमी पडते. सहा वाफ्यांना निदान नऊ बादल्या लागतील आणि जमणार पाचच. याचा अर्थ उघड आहे. मे महिन्यात सहापैकी तीनच वाफे जगवता येतील.

येथेच नवशिका माणूस चुकतो. त्याला सर्वच झाडे प्रिय असतात. तो पाच बादल्या सहा वाफ्यांत वाटतो. कोणालाच पुरेसे मिळत नाही आणि मे संपेपर्यंत सहाही वाफे वाळतात. जाणता माणूस मार्चमध्येच तीन वाफे निवडतो.

आमच्या बागेत त्या दिवशी मेथी, पालक, सांबार, टोमॅटो आणि वांगी असे पाच वाफे होते. कोथिंबिरीला विदर्भात सांबार म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सहाव्या वाफ्यात जानेवारीत लावलेला दुधी भोपळ्याचा वेल होता. मेथी आणि पालक ही थंडीची पिके. ऊन वाढले, की ती फुलावर येतात आणि त्यांची पाने कडवट व जाड होतात. त्यांचे दिवस संपले होते. टोमॅटोही थकला होता. अति उष्णतेत त्याची फुले गळतात आणि फळ धरत नाही. सांबारही फुलावर आला होता. तो वाळू दिला, की धणे मिळतात. काही स्वयंपाकाला आणि काही पुढच्या हिवाळ्यात पेरायला.

वेल ठेवायचा, हे नक्की झाले. रिकाम्या होणाऱ्या दोन वाफ्यांत भेंडी आणि चवळी लावायची ठरली. ही दोन्ही उन्हाळ्याची पिके. भेंडी पेरल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांत तोडणीला येते. चवळी कमी पाण्यात तग धरते. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र घेऊन झाडाला देतात. त्यामुळे मातीचा कसही वाढतो.

प्रश्न उरला वांग्यांचा. झाडांवर अजून जांभळी फुले होती. ती उपटून टाकायची, हे अम्मीला पटेना. ती म्हणाली, "फुललेलं झाड कोणी उपटतं का? दोन तरी ठेव." मी म्हटले, "अम्मी, पाणी कुठून आणू?" तिने कोपऱ्यातल्या जुन्या मटक्याकडे बोट दाखवले.

अम्मीचा उपाय शास्त्रीय होता. भाजलेल्या मातीच्या मटक्याला सूक्ष्म छिद्रे असतात. मटका गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्याने भरला, की पाणी हळूहळू बाहेर झिरपते. आजूबाजूची माती कोरडी असेल, तर जास्त झिरपते; ओली असेल, तर कमी. वर झाकण ठेवले, म्हणजे उन्हाने पाणी उडत नाही आणि डासही होत नाहीत. सुमारे २,००० वर्षांपूर्वी चीनमध्ये लिहिलेल्या एका शेतीग्रंथात या युक्तीचे वर्णन आहे. एका मटक्याभोवती वांग्याची दोन झाडे आरामात जगतात. तेव्हा दोन झाडे राहिली आणि बाकीची निघाली. अम्मी आणि पाण्याचा हिशेब, दोघांचेही समाधान झाले.

पाणी देणे आणि पाणी तोडणे

पाणी कमी देणे म्हणजे झाडावर नेहमीच अन्याय करणे, असे समजू नका. संत्र्याचा शेतकरी तर जाणूनबुजून पाणी तोडतो. हिवाळ्यात तो काही आठवडे बागेचे पाणी बंद ठेवतो. याला 'ताण देणे' म्हणतात. या काळात झाडाची वाढ थांबते आणि त्याच्या फांद्यांत अन्न साठते. मग पाणी दिले, की जानेवारी-फेब्रुवारीत सारे झाड एकदम फुलून येते. याच सुमारास आंब्यालाही मोहोर येतो, म्हणून या फुलोऱ्याला 'आंबिया बहार' म्हणतात. उन्हाळ्याच्या ताणानंतर जून-जुलैत, मृग नक्षत्राच्या पावसाबरोबर येणारा तो 'मृग बहार'. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आसपास तयार होतात, तर मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. म्हणूनच मार्च महिन्यात नागपूर जिल्ह्यात एका बागेत पिवळी संत्री तोडली जात असतात, तर दुसऱ्या बागेत वाटाण्याएवढी हिरवी फळे नुकतीच धरलेली असतात.

मात्र ताण केव्हा द्यावा आणि किती दिवस द्यावा, हे कळले पाहिजे. तो जास्त झाला, तर झाडच खचते. फळ धरल्यावर पाणी तोडले, तर फळे गळतात. म्हणजे पाणी किती द्यावे, याइतकेच ते केव्हा द्यावे, हेही महत्त्वाचे आहे.

संध्याकाळ : फुलांची भेट

ऊन उतरल्यावर कामाला पुन्हा सुरुवात होते. मेथी आणि पालकाचे वाफे खणून त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. त्याने मुळांना इजा होते आणि वाळवीही लागते. रात्रभर भिजवलेले भेंडीचे बी दोन सेंटिमीटर खोल टोचावे. दोन झाडांत एक वीत अंतर राहिले पाहिजे.

आता आच्छादन. कडुनिंबाची गळलेली पाने अनेक जण झाडून जाळून टाकतात. तीच पाने रोपांच्या भोवती चार बोटे जाड पसरावीत. माती झाकली, की ती तापत नाही, भेगा कमी पडतात आणि ओलावा टिकतो. पावसाळ्यापर्यंत ती पाने कुजून खत होतात.

जे तीन वाफे उन्हाळ्यात मोकळे राहणार, ते वाया गेले असे नाही. ते खणून ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावीत. मातीत दडलेल्या किडी आणि त्यांचे कोश उन्हाने मरतात. पहिला पाऊस पडला, की काळी ढेकळे आपोआप फुटून माती भुसभुशीत होते. उन्हाळ्याने केलेली ही फुकटची मशागतच म्हणायची.

सूर्य मावळताना दुधी भोपळ्याची पांढरी फुले उमलू लागतात. एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो. नर फुलाला फक्त लांब देठ असतो. संध्याकाळी उडणारे पतंग एका फुलातील पराग दुसऱ्या फुलात नेतात. पराग पोहोचला नाही, तर तो इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो. पुष्कळांना वाटते, की वेलाला खत कमी पडले. खरे कारण वेगळेच असते. अशा वेळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. चार दिवसांत फळ वाढू लागते.

कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला, तर लगेच औषधाकडे धावू नये. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा तेथे आहे का, ते पाहावे. तो आणि त्याच्या अळ्या मावा खातात. मावा फारच वाढला, तर १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड या प्रमाणात अर्क तयार करावा. भरड रात्रभर भिजत ठेवावी आणि सकाळी पाणी गाळून संध्याकाळी फवारावे. आणि बुलबुल! शायरीतले लाडके नाव मिरवणारा हा पक्षी पिकलेल्या टोमॅटोवर चोच मारतो. त्याला एखादा टोमॅटो द्यायला हरकत नाही. तो किडेही खातो.

तुम्हीही करून पाहा

मित्रांनो, तुमच्याकडे परस नसेल, तर एक कुंडी, जुना डबा किंवा सिमेंटचे रिकामे पोते घ्या. तळाला छिद्रे पाडा. शाळांनीही परसबाग करावी, यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. तुमच्या शाळेच्या आवारात एक वाफा मागून घ्या. लाइपझिगच्या मुलांसारखे मध्येच कंटाळू मात्र नका!

सोबत एक वही ठेवा. तारीख लिहा. त्या दिवशी मातीत बोट घातले तेव्हा काय लागले, पाणी किती दिले, पहिले फूल केव्हा आले, हे रोज एका ओळीत मराठीत लिहा. जूनमध्ये पाऊस येईल तेव्हा ती वही पुन्हा वाचा. कोणते झाड का जगले आणि कोणते का गेले, ते तुमच्याच अक्षरात तुम्हाला सापडेल. पुढच्या वसंतात पाण्याचा हिशेब मांडायला तीच वही उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. 'परसबाग', 'रब्बी' आणि 'मशागत' या शब्दांविषयी पाठात काय सांगितले आहे?

२. काळ्या मातीला भेगा का पडतात? त्या पडू नयेत म्हणून काय करावे?

३. मे महिन्यासाठी तीनच वाफे का निवडावे लागले? हिशेब मांडून सांगा.

४. 'ताण देणे' म्हणजे काय? आंबिया बहार आणि मृग बहार यांतील फरक लिहा.

५. मटक्याने पाणी देण्याची पद्धत आपल्या शब्दांत लिहा.

६. घरातील वापरलेले पाणी एक दिवस बादलीत जमा करा. ते किती बादल्या झाले आणि त्यावर किती वाफे जगतील, ते काढा.